पुण्याची खीर

अबे, प्रशांतच्या बिअरचं सांगतो, आयका. हा माझा मामेभाऊ पुण्याहून आमच्या धाड गावाले आला अन् म्हणे, "घरीच बिअर बनवू, पण कोणाले समजलं नाही पाह्यजे." मंडपवाल्याची मोठी गॅस शेगडी आणली अन् स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून बसला!

मी म्हटलं, "बंद खोलीत हे भट्टी पेटवशीन तं बिअरच्या आधी आपणच गुदमरून वर जाऊ. अंगणात घे."

सिलेंडर दूर ठेवलं, आधी काडी पेटवली, मंग गॅस सोडला. भर्रर्र! जवाचं पाणी उकळाले लागलं, त्यात प्रशांतनं बिअरची कडू फुलं टाकली. तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू ताट-गिलास घेऊन हजर, अन् मागून सारी गल्ली! आपल्या गावात अंगणात मोठी शेगडी पेटली म्हणजे पंगतच ना.

"कायचा कार्यक्रम हाय रे?"

प्रशांत घाबरून म्हणे, "खीर हाय काकू... पुण्याची."

काकूनं पळीभर फुंकून तोंडात घेतली. तोंड असं वाकडं झालं का इचारू नका.

"काऊन रे बाप्पा, तिकडं रोज हेच खाता काय? तरीच पुण्याची माणसं हासत नाहीत!"