नॉर्मल हाय म्हनलं, तेच चुकलं

...तर भाऊ, तुम्ही चहा पाजा, पान खिलवा, वाट्टेल ते बोला, पन माह्यासमोर तो एक शब्द काढू नका. नॉर्मल. कोनी नुसतं 'तब्येत नॉर्मल हाय' म्हनलं तरी मी उठून चालाले लागतो, तुम्हाले सांगतो. हसू नका. मी वनरक्षक हाय, चंदन माहं नाव, आरमोरीच्या पल्याड जंगलाच्या काठावरचं एक गाव माह्या बीटात येते, आन त्या गावात ठमाबाई राह्यते. साठीची बाई. वजन असन चाळीस किलो, त्यातले दहा किलो निस्ती जीभ...

मागच्या कार्तिकातली गोष्ट. धान पिकून पिवळं झालेलं, कापाले आलेलं. सकाळी ठमाबाईचा फोन, तिच्या धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, वाघाचे पंजे उमटले म्हनून. गेलो. माप घेतलं, फोटो काढले. वाघीन होती, संग दोन मोठाले बच्चे, आन तिघंबी नाल्याकडच्या झुडपात बस्तान मांडून. आता आमच्या खात्यात असं काही पाह्यलं का तोंडातून ते आपोआपच निंघते, शिंक निंघते तसं... मी म्हनलं, "घाबरू नका बाई, मूव्हमेंट नॉर्मल हाय."

ठमाबाईनं शांतपनी विचारलं, नॉर्मल म्हनजे काय?

भाऊ, आपन हा शब्द कुठी नाई वापरत, सांगा बरं. तीन दिवस लाइन नाई, लाइनमन म्हनते नॉर्मल हाय. बस दोन घंटे लेट, कंडक्टर म्हनते नॉर्मल हाय. अंगात ताप, उठून बसता येत नाई, आन रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हनते सगळं नॉर्मल हाय, म्हनजे आपनच खोटे! आन बायको 'मी नॉर्मल हाय' म्हनली का त्या दिवशी जेवाची आशाच सोडाची... मी म्हनलं, बाई, नॉर्मल म्हनजे नेहमीचंच, रोजच्यासारखं.

"कोनाच्या रोजच्यासारखं? वाघाच्या का माह्या?"

पाच वर्षांच्या नोकरीत, ट्रेनिंगात, परीक्षेत, कुठीच हा प्रश्न मले आला नाई. मी म्हनलं, दोघाइच्याबी. तर बाई म्हनते, लिवून द्या. वाघानं ठमाबाईच्या धुऱ्यावर बसनं नॉर्मल हाय असं कागदावर लिवा आन खाली सही करा. मी म्हनलं, तसं लिवता येत नाई. ती म्हने, तोंडानं बोलता येते, मंग हातानं काऊन बोलता येत नाई? मी मोटरसायकलले किक मारली न निंघालो. वाटलं, सुटलो.

सुटतो कुठी? दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं न फुटलं, दारात बारा बाया, बाराही जनीच्या हातात इळे. समोर ठमाबाई. मी बनियनवर, तोंडात ब्रश. म्हने, चला. कुठी? तर धान कापाले. तुमी नॉर्मल म्हनलं न, मंग आमी आमचं नॉर्मल काम करतो, तुमी तुमचं करा. मी समजावून राह्यलो का चार दिवस थांबा, मी वर कळवतो, टीम येते... तर बुधरी म्हनून एक बाई हाय, ती मागून माह्याच आवाजात सुरू झाली, "प्रस्ताव जाईन, आदेश येईन, मंग पाहू बाई..." अशी हुबेहूब, का मीच मागं वळून पाह्यलं! साऱ्या हसल्या. ठमाबाई नाई हसली. म्हने, चार दिवसात धान झडते, आन झडलेलं धान टीम येऊन उचलत नाई.

गेलो. जा लागलं. मले नाल्याकडं तोंड करून धुऱ्यावर उभं केलं, हातात एक काठी. समोर तीन वाघ, आन काठी एक, तुम्हाले सांगतो... माह्या मागं बाराही जनी सपासप धान कापून राह्यल्या. मी हळूच फोन काढून साहेबाले लावला. साहेबानं विचारलं, परिस्थिती काय हाय? तोंडातून 'नॉ' निंघालाच होता. तितक्यात समोरचं गवत हाललं.

वाघीन उठून उभी राह्यली. पन्नासेक पावलं असन. मागचे इळे थांबले. पन एकबी बाई पळाली नाई, वाघासमोर पळाचं नसते हे त्याइले माह्यापेक्षा चांगलं माहीत. ठमाबाई येऊन माह्या बाजूले उभी राह्यली. वाघिनीवरची नजर न काढता म्हनाली,

"सोमाजी माहा धाकटा भाऊ. गेल्या साली याच नाल्यात त्याले वाघानं नेलं. आठव्या दिवशी तुमी लिवून गेले, गावात नॉर्मल हाय. त्याच्या घरी आजबी नाई झालं, चंदनभाऊ."

लिवलं होतं. सोमाजीच्या ओसरीवर बसून, त्याच्या बायकोनं देल्लं पानी पिऊन लिवलं होतं.

वाघिनीनं आमच्याकडं पाह्यलं, लय वेळ पाह्यलं, मंग बच्चे घेऊन नाला ओलांडला आन जंगलाकडं निंघून गेली. साहेब तिकडं अजून हॅलो हॅलो करून राह्यले. मी म्हनलं, "साहेब, इथी काहीच नॉर्मल नाई. गेल्या सालीबी नव्हतं. मी खोटं लिवलं." साहेब म्हने, अरे, असं फोनवर बोलत नसतात. मी म्हनलं, मंग कागदावर लिवतो. आन लिवलं. खाली सही केली.

दुपारी गाडी आली, मान्सं आली. दहा दिवस अख्ख्या गावाचं धान आमच्या पहाऱ्यात कापलं, एक लोंबी वाया गेली नाई. आन मले काय भेटलं? नोटीस! दोन सालाचे अहवाल एकमेकाशी जुळत नाई म्हनून. जाऊ द्या, नोटिशीनं मानूस मरत नाई.

पन त्या गावानं माहं नावच बदलून टाकलं न... आता चंदन कोनी म्हनतच नाई, म्हातारे-कोतारेबी नॉर्मलभाऊ म्हनते. परवा माही माय चंद्रपूरवरून आली, बसमधून उतरून चंदन गार्डचं घर विचारून राह्यली, कोनाले सांगता येईना. शेवटी ठमाबाई तिचा हात धरून घेऊन आली, आन रस्त्यावरूनच आवाज देल्ला, "नॉर्मलभाऊ, माय आली तुमची."

माय घरात आली, पिशवी ठेवली, घोटभर पानी पेली, मले खालून वरपर्यंत पाह्यलं, आन हळूच विचारते,

"काऊन रे बाबू... आधी तुले काही झालं होतं का?"