मांपोंगच्या चढावर

बोआचे: अगं सेरवा, ती मक्याचे केंके विकणारी बाई डोक्यावर टोपलं घेऊन चालत आपल्या पुढे गेली.

सेरवा: जाऊ दे तिला, मामा. आपलं इंजिन नवं बांधलंय.

बोआचे: टर्बोची गाडी, आणि चालवतेस प्रेतयात्रेसारखी.

सेरवा: टर्बोला आज ताण द्यायचा नाही. चढावर जरा दाबायचं, मग सोडायचं. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरला घासून आजच बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर जन्मभर तेल पीत राहणार.

बोआचे: मला शिकवतेस? सुआमेच्या गॅरेजांतले निम्मे मिस्त्री माझ्या हाताखालून गेलेत.

सेरवा: म्हणून तर धाकधूक होतेय. एकटीनं बांधलेलं माझं पहिलं इंजिन आहे. गाडीच्या मालकीण मादाम फ्रिम्पोमांनी संध्याकाळी ती खुशीनं नेली, तर शनिवारी चारचौघांत माझ्या डोक्यावर पावडर टाकून तुम्ही मला शिकाऊपणातून मोकळी करणार, मी मिस्त्री होणार. नाहीतर आहेच पुन्हा तुमची हेल्पर.

बोआचे: पडेल गं पावडर. तुझ्या आईनं त्यासाठी नवं कापडसुद्धा शिवून आणलंय.

सेरवा: तुम्हाला पेट्रोलचा वास येतोय?

बोआचे: पेट्रोलच्या गाडीला काय जेवणातल्या फुफूचा वास येणार?

सेरवा: मागे बघा, काळा धूर. रेडिएटरचा पंखाही निघाल्यापासून थांबलेला नाही. आणि मामा, या दिव्यावर काळी टेप कोणी चिकटवली?

बोआचे: मी. डोळ्यांत खुपत होता.

सेरवा: इंजिनात बिघाड झाला की लागतो तो. थांबवतेय मी गाडी.

(बॉनेट उघडतं.)

सेरवा: तापमानाचा सेन्सर नाही. वायर नुसती लोंबतेय. भोकात बोल्ट ठोकलाय.

बोआचे: हं.

सेरवा: काल मी माझ्या हातानं बसवला होता. हे शेजारच्या गॅरेजवाल्या क्वार्तेंगचंच काम. बाईमाणूस मिस्त्री होतेय हे त्याला पहिल्यापासून बघवत नाही. आत्ता फोन करते आणि सगळ्या गल्लीसमोर त्याचं नाव घेते.

बोआचे: फोन ठेव.

सेरवा: का ठेवू?

बोआचे: मी काढला.

सेरवा: काय?

बोआचे: पहाटे काढला. थंड देशातल्या लोकांच्या वस्तू त्या. आपल्या उन्हात कशाला हव्यात? थर्मोस्टॅट काढतो, तसा हाही काढला. म्हटलं, पोरीचं इंजिन गार राहील. तुझ्यासाठीच केलं गं.

सेरवा: मामा, इंजिनाच्या कॉम्प्युटरला हा सेन्सर सांगतो की इंजिन तापलंय. तोच नाही, म्हणून त्याला वाटतंय बाहेर बर्फ पडतोय. तो नुसतं पेट्रोल ओततोय, आणि खरं तापमान कळत नाही म्हणून पंखाही बंद करत नाही. त्या पेट्रोलनं सिलिंडरवरचं तेल धुऊन निघतंय. रिंगा बसणार कशा?

बोआचे: पण मी तर सगळ्यांचेच काढतो.

सेरवा: जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर नव्हता, त्यांचं चालून गेलं.

बोआचे: आणि न्यार्कोची टॅक्सी? ती नवी होती.

सेरवा: तिचाही काढला होता?

बोआचे: मीच बांधलं होतं ते इंजिन. महिन्याभरात तेल प्यायला लागलं. तो रडत आला, तर मी चार माणसांत म्हणालो, तुला गाडी चालवता येत नाही, इंजिन तू मारलंस. त्यानं टॅक्सी भंगारात घातली.

सेरवा: मामा, सेन्सर कुठाय?

बोआचे: खिशात आहे. तू बसवलेला, टाकवला नाही.

सेरवा: द्या इकडे. इंजिन निवू दे, मग बसवते. डिकीत नवं तेल आहे, तेही बदलते. फार वेळ झालेला नाही. वाचेल बहुतेक.

बोआचे: मी काय करू?

सेरवा: सावलीत बसा. हात लावू नका.

*

सेरवा: आता चढावर दाबतेय. मागे बघा.

बोआचे: धूर नाही.

सेरवा: नीट बघा.

बोआचे: नाही गं. आवाजही गोड लागलाय. वाचवलंस. शनिवारी पावडर मीच टाकणार.

सेरवा: मग चला, परत वळवते. मादाम येतील.

बोआचे: वळू नकोस. न्यार्को मांपोंगलाच असतो ना आता, भावाच्या शेतावर?

सेरवा: हो, यॅमचे कंद खणतो. पण का?

बोआचे: मला त्याच्याकडे सोड. आणि तू थांबू नकोस, मी येईन माझा.