आमची पुट्टी बोटीवर कशी रुळली

आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळूरला आले म्हणे. वडील छाती फुगवून सांगायचे, आता खरं-खोटं त्या घोड्यालाच ठाऊक. त्या घराण्यातला मी बोटीवर चढलो. सगळे मला राव अण्णा म्हणतात, घरात मराठी बोलतो, बाहेर कन्नड, रागावलो की दोन्ही. बेळ्ळंदूरच्या बाजूला एक तळं आहे, त्यात जलपर्णी माजते, ती काढायची मोठी बोट मी चालवतो. बोटीच्या पुढं एक पट्टा असतो, तो पाण्यात उतरतो आणि जलपर्णी उचलून वर आणतो. पट्ट्यावर मुनियप्पा, सुकाणूवर मी, अकरा वर्षं झाली.

तर मांजर. मांजर माझं नाही हो, हे आधी लिहून घ्या. मांजर बायकोचं, शांताचं. नाव पुट्टी, म्हणजे कन्नडमध्ये लहान मुलगी, आता चार किलोची झालीय ते सोडा. आमची लेक पुण्याला दिलीय, तिचं दुसरं बाळंतपण, तिकडं सासू नाही, म्हणून शांता दोन महिन्यांसाठी गेली. जाताना जेवा, झोपा, गोळ्या घ्या, असलं काही नाही. म्हणाली, मी येईन तेव्हा पुट्टी होती तशी हवी, नाहीतर मी स्टेशनावरूनच परत जाते. आणि ती बोलते तसं करते, लग्नापासून बघतोय.

पहिल्या दिवशी कुलूप लावून कामावर गेलो. संध्याकाळी घरमालकीण अम्मा जिन्यातच उभी. राव, तुमचं बेक्कु दिवसभर रडलंय, मांजराच्या ओरडण्यानं माझे पूजेतले मंत्र चुकले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी काय केलो, पुट्टीला भाजीच्या टोपलीत घातलो, वरून शांताची जुनी साडी बांधलो आणि स्कूटरवर पुढं ठेवून तळ्यावर नेलो. सिग्नलला टोपली ओरडायची आणि सगळे माझ्याकडं बघायचे.

बोटीवर टोपली उघडलो तर बाई जी सीटखाली शिरली ती बाहेरच येईना. इंजिन सुरू झालं की शेपटी झाडूएवढी. दहीभात ठेवलो, शिवली नाही. दूध ठेवलो, हुंगलीसुद्धा नाही. एक दिवस, दोन दिवस. शांताचा रोज फोन, पुट्टीला द्या. मी म्हणायचो झोपलीय. मग ती म्हणाली, किती झोपते हो, आजारी आहे काय? 

तेव्हा मला आईचं आठवलं. घरात नवीन मांजर आणलं की आई त्याला चुलीभोवती तीनदा फिरवायची, म्हणजे ते घर सोडत नाही. आता बोटीवर चूल कुठून आणू? बोटीत गरम काय, तर इंजिन. मी पुट्टीला छातीशी धरलो आणि इंजिनाच्या पेटीभोवती फिरायला लागलो. मुनियप्पा पट्टा थांबवून बघत बसला. अण्णा, तीनच का, लग्नाला सात लागतात की. तिसऱ्या फेऱ्याला पुट्टी माझ्या डोक्यावर आणि नखं टाळूत. पण काय सांगू तुम्हाला, उतरली ती त्या गरम पेटीवर आणि तिथंच पसरली. संध्याकाळी दहीभात चाटून पुसून खाल्ली. मी आईची आठवण काढून वर बघून हात जोडलो.

इथं गप्प बसायला हवं होतं मी. पण इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून जेवणाच्या वेळी बोटीचा हॉर्न वाजवायला लागलो. हॉर्न, मग दहीभात, हॉर्न, मग दहीभात. आठवड्यात शिकली. मी साऱ्या तळ्यावर मिरवलो. फक्त एक विचार केलो नाही, तळ्याच्या एका अंगाला रिंग रोड आहे. तिथं सकाळी नऊपासून सगळं गाव हॉर्न वाजवतं. पुट्टी दर हॉर्नला ताटलीपुढं, ताटली रिकामी, आणि माझ्याकडं असं बघायची की मीच खाल्लोय.

एक दिवस त्याच बाजूला काम चाललेलं. रस्त्यावर लॉरी वाजली, लांबलचक. पुट्टीला वाटलं असणार, एवढा मोठा हॉर्न तर जेवण केवढं. मारली उडी. खाली हिरवंगार, तिला वाटलं गवत. गवत कुठलं, जलपर्णी ती, खाली सगळं पाणी. नुसते कान दिसत होते, मग कानही दिसेनात.  बोट चालवतो पण मला पोहता येत नाही, हे तेवढं छापू नका. मुनियप्पा, मुनियप्पा एवढंच ओरडलो. तो आधी पट्ट्याच्या तोंडाची, जलपर्णी कापायची कातरी बंद केला, मग पट्टा पाण्याखाली सरकवला आणि स्वल्प स्वल्प करत वर घेतला. आधी पानं आली, मग कुणाची तरी चप्पल, मग आणखी पानं, आणि त्या ढिगावर बसलेली आमची पुट्टी, भिजून उंदराएवढी, पण ऐट अशी की तिची मिरवणूक निघालीय. मी तिला शर्टात घेतलो आणि रडलो. खरंच रडलो हो, मांजर माझं नाही म्हणणारा मी.

आणि नेमका तेव्हाच शांताचा व्हिडिओ कॉल. ती ओली पुट्टी बघितली, मागचं तळं बघितली. मी फेऱ्यांपासून हॉर्नपर्यंत सगळं सांगून टाकलो.  मग म्हणाली, आधी तिला पुसा, मग स्वतःचे डोळे पुसा.

त्यानंतर हॉर्न बंद, आता डबा वाजवतो, आणि मुनियप्पा जुनं लाइफ जॅकेट कापून तिच्या मापाचं एक शिवून दिला. शांता परत आली तेव्हा मी स्टेशनावर जीव मुठीत धरून उभा. घरी आली, पुट्टीला मांडीवर घेतली, सगळं ठीक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुट्टी मांडीवरून उतरली आणि सरळ स्कूटरवर जाऊन बसली. मी म्हटलो, संपलं. शांता दारात उभी राहून एकदा तिच्याकडं बघितली, एकदा माझ्याकडं. म्हणाली, ही होती तशी नाही राहिली. पण तुम्ही तरी कुठं राहिलात?

आणि आत जाऊन दोन डबे भरून आणली. तेव्हापासून आम्ही दोघं कामाला जातो. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की आतून विचारते, पुट्टी आली? आली, मीही आलोय. म्हणते, सरी, म्हणजे बरं, दोघं पाय पुसून आत या.