उंबऱ्यावरची बिडी

ऐका रे, आणि ते मोबाइल आधी बंद करा. काशिराम, तूही बस.

मी तेव्हा बोटीवर खलाशी. बरोबर हा काशिराम, माझ्या बहिणीचा नवरा, लग्नाला जेमतेम सहा महिने. निघताना शेवंती रडत म्हणाली, "दादा, यांना नेतोस तसंच आणून दे." बोट स्पेनला लागली. तिथे एका गावाखाली, हो, गावाखाली, दुसरं गाव! वर चर्च, बाजार. खाली दारूची जुनी तळघरं, एकातून दुसऱ्यात जाणारी. लढाईत माणसं तिथे लपायची, काही तिथेच मेली म्हणे. एक म्हातारा कंदील घेऊन दाखवायचा. वर कडक ऊन, आत मिट्ट काळोख.

तोंडाशीच माझी चूक झाली. नव्या जागेत शिरताना आपण तिथल्या राखणदाराला, जागा सांभाळणाऱ्या देवाला, बिडी ठेवतो ना? तशी ठेवली. म्हातारा ओरडलाच! पण त्याची भाषा कुणाला कळते? मी हसलो. मूर्ख मी!

पहिल्या वळणावर मागून बिडीचा वास. आपल्या बिडीचा! स्पेनात! वळून बघतो तर कुणी नाही. दुसऱ्या वळणावर माझा खिसा ओढला. मी गुपचूप एक बिडी टाकली. चार पावलांवर पुन्हा ओढला. पुन्हा टाकली. असं करत बंडल संपलं, आणि कंदील विझला.

काशिराम किंचाळला, "दादा, कुणीतरी मनगट धरलंय!"

मी त्याचा दुसरा हात पकडला. मी इकडे ओढतोय, ते तिकडे ओढतंय. डोळ्यांपुढे शेवंती! शेवटी मी ओरडलो, "बिडी मी दिली, तर माग माझ्याकडे! असेन तिथे रोज तिन्हीसांजेला ठेवीन. याला सोड!"

सोडलं. धावत उजेडात आलो, तर याच्या मनगटावर पाच बोटं, भाजल्यासारखी. काशिराम, दाखव रे यांना.

चाळीस वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. सकाळी उंबऱ्यावर नुसती राख असते. म्हणून सांगतो, जग फिरा, पण परक्या भुयारात काही ठेवू नका. आणि त्या गावाखालच्या वाटेला तर जाऊच नका.

हसू नका. डॉक्टरचं ऐकून सूनबाईने आज माझी सगळी बंडलं चुलीत घातली. दुकान बंद. तिन्हीसांज केव्हाच टळली. कुणाकडे एखादी बिडी असेल तर द्या रे.

काशिराम, मनगट का चोळतोयस? इकडे ये. माझा हात धर.