चौदा बी निगेटिव्ह

अक्का : नूतन, तुझ्या भावाकडे पाह्य जरा. बायको धुळ्याले दवाखान्यात, बाळंतपणाचं रक्त थांबत नही, आनि हा इथे सोनगीरले बसून लॅपटॉप कुटतोय.

योगेंद्र : अक्का, रक्त देणाऱ्यांची यादी यातूनच निघते.

अक्का : निघाली ना. चौदा नावं, बठ्ठेच्या बठ्ठे बी निगेटिव्ह.

नूतन : दादा, दवाखान्यातून आईचा फोन होता. यादीतले मगनभाऊ तिथल्या तपासणीत बी पॉझिटिव्ह निघाले. सुकदेवआबा ए. रक्तपेढीत बी किंवा ओ निगेटिव्हची एकही पिशवी नाही. डॉक्टर म्हणतात, वहिनीला दुपारपर्यंतच धरून ठेवू शकतो. आता कोणाला पाठवू?

योगेंद्र : थांब. इतका दुर्मिळ गट, रक्तदान शिबिराच्या दोनशे अर्जांत चौदा बी निगेटिव्ह असूच शकत नाहीत.

अक्का : हे सकाळी नही सुचलं तुले?

योगेंद्र : नूतन, मगनभाऊंचा अर्ज काढ.

नूतन : गटाची जागा कोरी आहे. आबांचीही.

अक्का : राहीलच कोरी. शिबिराआधी दारोदार मीच फिरले. ज्याले गट माहीत नही, त्याची जागा सोडली.

योगेंद्र : सापडलं. देवा.

नूतन : बोल ना.

योगेंद्र : दर अर्जाला नवी क्वेरी, म्हणजे संगणकाला नवी आज्ञा, लिहायला नको, म्हणून एकच आधी तयार करून ठेवली. प्रीपेअर्ड स्टेटमेंट. नाव, गाव, गट, फोन, या जागा मोकळ्या. अर्ज आला की माहिती त्यात भरायची आणि चालवायची. गट कोरा असला की मी तेवढी जागा भरतच नव्हतो. पण आधीच्या माणसाचा गट तिथे तसाच बसलेला. तो पुसायचा असतो. मी पुसला नाही.

अक्का : तिखट शेव काढून सोऱ्या न धुताच पुढचं पीठ घातलंस.

योगेंद्र : हो.

नूतन : रडू नको आता. खरे कोण ते काढ.

योगेंद्र : एक्सेलमधून पुन्हा चढवतोय, दर वेळी आधीचं पुसून... झालं. ओ निगेटिव्ह एकही नाही.

नूतन : आणि बी?

योगेंद्र : एक. पुना अभिमन, दोंडाईचा. त्याच्यानंतरच्या सलग तेरा अर्जांत गट कोरा होता. सगळ्यांना त्याचाच गट लागला.

नूतन : हा तर यादीत पहिलाच होता. लांबचा म्हणून आपणच सोडला.

अक्का : फोन लाव.

नूतन : वाजतोय... उचलत नाहीत.

अक्का : लावत राय.

योगेंद्र : तीन तास गेले, अक्का. माझ्या दीपमालाचे तीन तास.

अक्का : गप बस जरा.

नूतन : हॅलो, पुनाभाऊ? सोनगीरहून बोलतेय... हो, रक्तासाठीच. तुमचा गट बी निगेटिव्हच ना, नक्की?... कार्ड आहे? धुळ्याला, आत्ताच्या आत्ता... निघतायत, दादा. मोटारसायकलवर. दीड तास म्हणतात.

योगेंद्र : पोचतील का वेळेत, अक्का?

अक्का : माले माहीत नही. आनि माहीत नही ते मी बोलत नही, लिहीतबी नही. चौथीतून शाळा सुटली माझी, तरी अर्जावर तेवढी जागा मी कोरी सोडली. तू एवढा शिकलास, योगेंद्र. तुले कोरी सोडता आली नही.