एकाचं माप

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ती नवऱ्याचं घड्याळ मुठीत आवळून बसली होती. शेजारी दोन परके पुरुष येऊन टेकले. एक साहेब, दुसरा त्याच्या हाताखालचा ड्राफ्ट्समन.

"प्लॅटफॉर्मचा एकच बोल्ट पाइपला अडत होता, साहेब. म्हणून कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये तेवढाच आखूड केला."

"आणि बाकीचे?"

"बोल्टची फाइल एकच, सगळीकडे तीच बसवलेली. एकाचं माप बदललं की सगळ्यांचं बदलतं. आधी वेगळी कॉपी करायची असते. घाईत राहून गेलं."

"म्हणजे सगळेच आखूड बनून आले?"

"हो. नट जेमतेम दोन आट्यांवर अडकले होते. फिटर वर चढला आणि अख्खा प्लॅटफॉर्मच खाली आला."

"तुझी घाई, आणि फास माझ्या गळ्याला! कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. फिटरनं नट नीट आवळले नव्हते, एवढंच सांगायचं. तो थोडाच उठून सांगायला येतोय?"

"पण त्याच्या घरचे..."

"घरदार तुलाही आहे."

साहेब फोन काढून बघू लागला. मग ड्राफ्ट्समन तिच्याकडे वळला.

"ताई, तुमचं कोण आहे आत?"

"ज्यानं नट आवळले नव्हते, तो."