औषध टाकले आहे

भिकन : सोमवारी सकाळी सहा ते नऊ, या विहिरीवर एकशे अकरा हंडे भरले. मंगळवारी आरोग्य खात्याची पाटी लावली. बुधवारी सव्वीस. आज नऊ, आणि तेही धुण्यासाठी.

पुंजा : म्हंजे लोकांनी वाचली की पाटी, भाऊसाहेब!

भिकन : वाचून ओढ्यावर गेले, पुंजा पेंटर. ओढ्याच्या पाण्यानं तीन घरांत जुलाब सुरू झालेत. पाटी उलटी चालली.

पुंजा : माझं अक्षर कवाच उलटं नसतं. पार वणीपर्यंत ट्रॉल्यांवर माझंच अक्षर फिरतंय.

भिकन : अक्षर उत्तम आहे. धोंडाबाई, रोजचा पहिला हंडा तुमचा. आज का नाही भरला?

धोंडाबाई : वाचा की तुमचीच पाटी.

भिकन : "या विहिरीत शासनातर्फे औषध टाकले आहे. तरी सर्व ग्रामस्थांनी हेच पाणी प्यावे."

धोंडाबाई : औषध टाकलंय, तवा प्या?

भिकन : हो. त्यानं जंतू मरतात.

धोंडाबाई : आन् माणसं? मागल्या साली खालच्या आळीचा एक गडी औषध प्याला. पिंपळगावला नेईस्तोवर संपला.

भिकन : ते फवारणीचं औषध होतं.

धोंडाबाई : द्राक्षाच्या गावात औषध म्हंजे तेच, भाऊ. दवाखान्यात मिळती ती गोळी, नायतर सुई. बीएस्सीला हे शिकवत नाय व्हय?

भिकन : आणि पाटीवर ही बाटली?

पुंजा : तुम्हीच म्हणले, औषधाचं चित्र काढ. माझ्या घरी नमुना एकच, फवारणीची बाटली. कवटी बी काढणार होतो, जागा नाय उरली.

धोंडाबाई : वास बी तसलाच येतोय पाण्याला.

भिकन : तो टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा. वास आला म्हणजे पाणी चांगलं.

धोंडाबाई : हे कुठं लिवलंय?

भिकन : ...नाही लिहिलं.

धोंडाबाई : माझी नात कालपासून आडवी हाय. डोळे खोल गेलेत.

भिकन : तिला ओढ्याचं पाणी अजिबात देऊ नका.

धोंडाबाई : मंग कंचं देऊ? औषधाचं?

भिकन : हेच द्या. मी सांगतो ना.

धोंडाबाई : तुमच्या खांद्याला काय लटकतंय?

भिकन : वॉटरबॅग. घरून आणतो, देवळाली कॅम्पहून.

धोंडाबाई : पाटी एकदा वाचली गावानं. ही पिशवी चार दिस बघतंय.

पुंजा : अहो, सांडता कशाला! मी पिलो असतो की.

भिकन : पोहरा द्या इकडं.

धोंडाबाई : दमानं. ठसका लागंल.

भिकन : बस. आता पाटी. "औषध" पुसायचं. "पाणी निर्जंतुक केले आहे."

पुंजा : निर्जंतुक? नुसत्या रफारालाच अर्धा पत्रा जाईल.

धोंडाबाई : "साफ केलंय" म्हणा. कोण वाचत बसतंय हंडा घेऊन?

भिकन : ते मोजलंय मी. पोहरा वर यायला बावीस सेकंद लागतात. तेवढाच वेळ.

धोंडाबाई : तवा डोळे रहाटावर. पाटी लावली चावडीकडं तोंड करून.

भिकन : मग रहाटाच्या खांबालाच लावू. थांबा, लिहितो. "विहिरीचं पाणी साफ केलं आहे. वास येईल. तो साफ केल्याचा. प्यावे."

धोंडाबाई : प्यावे काय? लग्नाला यावे म्हणल्यावानी. "खुशाल प्या."

भिकन : बारा शब्द. चालेल.

पुंजा : आन् ज्याला वाचता येत नाय? पाणी पिणारी बाई काढतो.

धोंडाबाई : कोणची बाई?

पुंजा : कोणची बी.

धोंडाबाई : कोणच्या बी बाईचं कोण ऐकतंय? माझा हात काढ. ह्या गोंदणासकट. साऱ्या बाया वळखतात.

पुंजा : मंग तुला आधी प्यावं लागंल, मावशी. खोटं चित्र नाय काढत मी.

धोंडाबाई : ...आण पोहरा.

पुंजा : कसं लागतंय?

धोंडाबाई : कपडे धुतल्यावानी. भाऊ, पोरीला असंच देऊ?

भिकन : उकळून, गार करून, मीठ-साखर घालून. घोट घोट. चला, मी येतो घरी, प्रमाण दाखवतो.

(पाच दिवसांनी, सकाळी नऊ. त्याच विहिरीवर.)

धोंडाबाई : पुंजा, माझ्या गोंदणात पाच ठिपके हायेत. तू चारच काढले.

पुंजा : पाचवा खांबाच्या खिळ्याखाली गेला, मावशी.

भिकन : नात कशी आहे, धोंडाबाई?

धोंडाबाई : ती काय, रांगत जाऊन हंड्यात हात घालती.

भिकन : पुंजा, तुला सहापासून ओढ्यावर बसवलं होतं. किती मोजले?

पुंजा : दोन. तुमच्या वहीत किती?

भिकन : विहीर एकशे नऊ. ओढा दोन.